वहिनींनी बाहेरून वाचलेली कंपनी

त्या घरात जेवणाच्या टेबलावर कशावरही बोलायची मुभा होती. कुणाच्या पोटाच्या तक्रारी, कुणाचं जमलेलं लग्न, कुणाचं मोडलेलं, वरच्या मजल्यावर ट्रम्पेट शिकणाऱ्या गृहस्थांचं काय करायचं, सगळं चालायचं. फक्त धाकट्याने आपल्या कंपनीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याने "आज आमच्याकडे ना..." एवढं म्हटलं, की वहिनी हातातला चमचा खाली ठेवून उठायच्या आणि मिक्सर सुरू करायच्या. मिक्सरच्या भांड्यात काही असलंच पाहिजे असं त्यांना वाटत नसे.

धाकटा म्हणजे वहिनींचा दीर. चाळिशी उलटलेला, डोक्यावरच्या केसांनी एकेक करून राजीनामे द्यायला सुरुवात केलेली, आणि पोटाने मात्र नवी भरती जोरात चालू ठेवलेली. तो पंप बनवणाऱ्या कंपनीत होता. पंप तयार झाला की तो टेस्ट बेडवर चढवायचा, पाणी सोडायचं, दाब वाढवायचा आणि पंप कुठे कुरकुरतो ते शोधायचं, हे त्याचं काम. नुसत्या आवाजावरून बेअरिंगचं दुखणं सांगणारा हा माणूस स्वतःच्या बायकोचा आवाज चढला तर कारण काय असेल ते मात्र कधीच ओळखू शकत नसे.

आणि वहिनी? एका चपलांच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जायचा. तो चढून गेलं की दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लोकांनी आपला पैसा कुठल्या कंपनीत लावावा आणि कुठून काढून घ्यावा, याचे अहवाल तिथे लिहिले जात. बाकीची मंडळी धडधाकट कंपन्या वाटून घ्यायची. आजारी, डळमळीत, बुडू की तरू अशा अवस्थेतल्या सगळ्या वहिनींच्या टेबलावर येत. चांगल्या चाललेल्या कंपनीकडे वहिनी ढुंकूनही बघत नसत. "तिला काय धाड भरलीय?" म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी ही तक्रार असे.

त्यांची वाचायची पद्धत निराळी होती. नफ्यातोट्याचे आकडे त्या सगळ्यात शेवटी बघत. "आकडे माणसं लिहितात," त्या म्हणायच्या, "म्हणून आधी माणसं बघायची." शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला काही गोष्टी जाहीर कराव्याच लागतात. वरच्या खुर्चीवरून कोण गेलं, कोण आलं, आणि आतल्या माणसांपैकी कुणी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेतले की विकले. बहुतेक लोकांना या सूचना वाचताना झोप येते. वहिनींची झोप उडायची. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून शेजारणीला जसं समोरच्या घरातलं सगळं कळतं, तसं वहिनींना त्या सूचनांवरून कळायचं.

एकदा सकाळी चहा पिता पिता त्यांनी वाचून दाखवलं, की एका रंगाच्या कंपनीच्या प्रमुखाने कुटुंबाला वेळ देण्यासाठी राजीनामा दिला आहे.

"चांगला माणूस दिसतो," दादा म्हणाला. दादा म्हणजे वहिनींचा नवरा. घराच्या खालीच त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि जगातल्या सगळ्या माणसांना फक्त नंबर तेवढा बदलून हवा असतो, असं त्याचं मत होतं.

"कुटुंबाने मागितला होता का वेळ?" वहिनी म्हणाल्या. "हे कुणी विचारत नाही. आणि ज्याला घरी जायचं असतं तो तिमाहीचे निकाल लागायच्या तोंडावर जात नाही. निकाल लावून, हात धुऊन जातो."

निकाल लागले तेव्हा रंगाच्या कंपनीचा रंग पार उडाला होता, आणि तो कुटुंबवत्सल गृहस्थ दुसऱ्या कंपनीच्या खुर्चीत बसून फोटोला हसत होता.

अशा बाईच्या घरात आजारी कंपनीतला दीर राहत होता. म्हणून मिक्सर. जी बातमी अजून जगाला सांगितलेली नाही ती आतल्या माणसाकडून ऐकायची, हा गुन्हा. वहिनींचं ऑफिस या बाबतीत इतकं कडक, की नातेवाईक जिथे काम करतो त्या कंपनीवर एक ओळ लिहायला बंदी. वहिनी ऑफिसपेक्षा कडक. धाकट्याच्या कंपनीचं नाव कुठे दिसलं तर त्या पान उलटायच्या. वर्षानुवर्षं त्यांनी ते असं उलटलं, जसा काही शेजारी राहणाऱ्या माणसाशी अबोलाच असावा.

आणि या काळात धाकट्याची कंपनी खरोखरच अंथरुणाला खिळली. पगार उशिरा होऊ लागला. कॅन्टीनच्या सूपमधल्या भाज्या आधी कमी झाल्या आणि मग फक्त आठवणीपुरत्या उरल्या. एमडी बदलले. भिंतीवरचा जुन्यांचा फोटो उतरवला, तिथे नव्यांचा लागला, पण जुनी फ्रेम मोठी असल्यामुळे नव्या साहेबांच्या भोवती भिंतीचा एक स्वच्छ पट्टा उघडा पडला. कामगार त्याला 'साहेबांचं तेजोवलय' म्हणू लागले.

मग एक दिवस पेपरात आलं, की चेअरमननी स्वतः बाजारातून कंपनीचे भरपूर शेअर विकत घेतले. कॅन्टीनमध्ये केक कापला गेला. धाकटा जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत घरी आला.

"वहिनी, आज पेपरात..."

घर्रर्र.

"अहो, छापून आलंय! सगळ्या जगाला माहीत आहे!"

मिक्सर थांबला. "छापून आलेलं वाचायचं झालं तर मी वाचेन. पण तुम्ही ते सांगत असताना तुमच्या भुवया जे बोलतात, ते छापून आलेलं नाही."

धाकट्याने दोन्ही हातांनी भुवया झाकल्या. त्याची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. ती रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची आणि संध्याकाळी नवऱ्याला सरळ करायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण धाकट्याला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. मोठी कंपनी, समुद्राजवळचं ऑफिस, पगार दर महिन्याला वेळेवर. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, म्हणाले. हो म्हटलं, तर धाकटीने रुग्णालय सोडायचं, एका छपराखालची दोन बिऱ्हाडं फुटायची, आणि धाकट्याने आपल्या हाताने उभारलेला टेस्ट बेड मागे ठेवून जायचं. नाही म्हटलं, आणि कंपनी बुडाली, तर या वयात पुन्हा अर्ज करत फिरायचं. धाकट्याने न्हाव्याला विचारलं, जुन्या प्राध्यापकांना विचारलं, ट्रम्पेटवाल्या गृहस्थांनाही विचारलं. जेवढी तोंडं तेवढी मतं घेऊन तो घरी आला.

रविवारी सकाळी तो वहिनींसमोर जाऊन उभा राहिला. "वहिनी, माझी कंपनी वाचा."

वहिनींनी आधी मिक्सरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचे डोळे तांबारले होते. त्यांनी मिक्सरची वायर काढून ठेवली.

"नोकरी तुमची आहे, म्हणून वाचते," त्या म्हणाल्या. "ऑफिससाठी एक ओळ लिहिणार नाही. या घरातल्या कुणी त्या कंपनीचा शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही. मंजूर?"

"मंजूर."

"जाहीर झालेलं आहे तेवढंच वाचणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मान हलवायची नाही. सुस्कारा टाकायचा नाही. भुवया..."

"त्याला कपाटात बसव ना," दादा म्हणाला. शेवटी दादानेच तोडगा काढला. सर्दी झाल्यावर वाफ घेतात तसं धाकट्याने टेबलाशी बसायचं आणि डोक्यावरून मोठा टॉवेल घ्यायचा. टॉवेलाखालून बाहेर काही दिसणार नाही, बाहेरच्यांना आतलं काही दिसणार नाही. धाकटीने त्याच्या पायांवर लक्ष ठेवायचं, कारण मनासारखं काही ऐकलं की त्याचा उजवा पाय नाचतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

सकाळभर वहिनी एकट्या वाचत बसल्या. शेअर बाजाराच्या साइटवर त्या कंपनीच्या जुन्यापासून नव्यापर्यंत सगळ्या सूचना होत्या. दुपारची जेवणं उरकली, टेबल पुसलं गेलं आणि धाकटा टॉवेलाखाली गेला.

"आधी गेलेली माणसं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यात पहिले गेले फायनान्सचे जुने प्रमुख. मग ऑडिटर. मग एक स्वतंत्र संचालक, बाई आहेत. हा क्रम वाईट. विक्रीचा माणूस आधी गेला तर समजावं, माल खपत नाहीये. जाहिरातीवाला गेला तर समजावं, साहेबांशी पटलं नाही. पण ज्यांच्या नजरेखालून पैसा जातो, ती माणसं एकामागोमाग एक निघाली, तर पैशालाच काहीतरी झालेलं असतं."

टॉवेल स्थिर होता.

"आता या संचालक बाईंचं राजीनाम्याचं पत्र. अशा पत्रात शेवटी एक वाक्य असतं, की यात दिलेल्या कारणांखेरीज दुसरं कुठलंही महत्त्वाचं कारण नाही. सगळेच लिहितात, साच्यातलं वाक्य आहे. जाहीर झालेल्या पत्रात ते नाहीये. आणि थोड्या दिवसांनी कंपनीने खुलासा दिलाय, की बाईंनी ते वाक्य नंतर कळवलं. म्हणजे मागून घ्यावं लागलं. या बाई भांडून गेल्या. मोठ्याने भांडून गेल्या."

टॉवेलाखाली धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशी बोर्डरूममधला चहा कपात तसाच परत आला होता. चहा नेणारा माणूस कॅन्टीनमध्ये शपथेवर सांगत होता, की बाईंचा आवाज लिफ्टपर्यंत येत होता. कारखान्यातल्या मोजक्या माणसांपलीकडे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि वहिनींनी आयुष्यात त्या कारखान्याचं फाटकही बघितलेलं नव्हतं.

"पाय?" वहिनींनी विचारलं.

"गार पडलेत," धाकटी म्हणाली.

"हेही सांगायचं नाही, अगं! नाचला तर तेवढं सांग. आता नवे एमडी. हे साबणाच्या कंपनीतून आलेत. आल्या आल्या पहिल्याच तिमाहीत एवढा तोटा दाखवलाय की वाचणाऱ्याचे डोळे पांढरे व्हावेत. जुना न खपलेला माल, न मिळणारी येणी, सगळं एकदम तोट्यात काढलं. हे नवे साहेब करतातच. भाडेकरू नव्या घरात आला, की आधीच्याने सोडलेला कचरा दाराबाहेर काढून ठेवतो आणि त्यातच हळूच आपलीही थोडी अडगळ सरकवतो. पुढे घर चकचकीत दिसलं की श्रेय आपलं."

"म्हणजे लबाड," दादा म्हणाला.

"लबाड की शहाणा, ते दुसऱ्या तिमाहीत कळतं. तेव्हाही पुन्हा कचरा काढला, तर लबाड. यांनी नाही काढला. म्हणून यांच्याबद्दल माझं मत अर्धवट आहे. यांना कंपनीने शेअर दिलेत ते फुकटात, पगाराबरोबर. ते मी धरत नाही. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूवरून कुणाची आवड कळते का?"

"घड्याळं," दादा दुःखाने म्हणाला. त्यांच्या लग्नात घड्याळंच घड्याळं आली होती.

"आता चेअरमन."

टॉवेल किंचित पुढे झुकला. केकची चव अजून त्याच्या जिभेवर होती. चेअरमननी स्वतःचा पैसा घातला, हीच तर कारखान्यातल्या प्रत्येकाची उमेद होती.

"खरेदी मोठी आहे. फोटोही मोठा होता म्हणे. पण ज्या दिवशी चेअरमननी घेतले, त्याच दिवशी तेवढेच शेअर कुणी विकले बघा. एका लहानशा फर्मने. आणि ती फर्म कुणाची, तर वार्षिक अहवालात मागे बारीक अक्षरात आहे, चेअरमनच्या मेव्हण्याची."

"अरेच्चा!" दादा म्हणाला.

"उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात. बाहेरून नवा पैसा आला नाही. वर आपल्या जुन्या शेअरांपैकी बरेच त्यांनी कर्जासाठी तारण ठेवलेत. भाव घसरला तर बँक ते विकणार. म्हणून भाव टिकावा याची त्यांना घाई. या खरेदीला माझ्याकडे गुण शून्य."

टॉवेल हळूहळू टेबलावर टेकला. आता तो वाफ घेणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता. वाफ घेऊनही गुण न आलेल्या माणसासारखा दिसत होता.

"शुद्धीवर आहे का बघा," दादा कुजबुजला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. इतका वेळ त्या भाजी निवडताना बोलावं तशा सहज वाचत होत्या. आता त्या खुर्चीत सरळ बसल्या. "नव्या साहेबांनी आपल्याबरोबर एकच माणूस आणलं. फायनान्सच्या नव्या प्रमुख. या बाई मोठ्या कंपनीत होत्या, मोठ्या पदावर. तिथून या आजारी पंपांच्या कंपनीत आल्या. पायरी उतरून. तिथेच मी थांबले. मग पुढे वाचलं."

"बाईंनी आल्यावर पहिल्यांदा सगळी वह्या-कपाटं उघडली असणार. तो भयंकर तोटा यांनीच शोधून काढला, निकालावर सही यांची आहे. निकाल लागला, भाव कोसळला. आतल्या माणसांना निकालाच्या आसपास शेअर घ्यायला बंदी असते. ती बंदी उठली, आणि उठल्या उठल्या या बाईंनी शेअर घेतले. बाजारातून, सगळ्यांसारखे, स्वतःच्या पैशांनी. थोडेच. पगारदार माणसाला झेपतील एवढेच. कुणी फोटो काढला नाही. पुढची तिमाही आली, तीही वाईट. पुन्हा बंदी उठल्या उठल्या घेतले. त्याच्यानंतर पुन्हा." वहिनींनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. तो दादाच्या दुकानातला सगळ्यात महागाचा होता. "हिला प्रत्येक भोक माहीत आहे. ते तिने स्वतः जगाला ओरडून सांगितलंय. आणि मग त्याच भोकं पडलेल्या होडीत आपलं सामान ठेवलंय. इतकी वर्षं मी ही सूचना शोधत असते, माहितीये? शंभरदा शोधावी तेव्हा एकदा सापडते. वाचताना अंगावर शहारा येतो."

टॉवेलाखाली धाकट्याला त्या बाई दिसल्या. लहानखुऱ्या, पायात सपाट बूट, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात एकट्या बसून सूप पिणाऱ्या. सगळे त्यांना कात्री म्हणायचे, कारण त्यांनी सगळ्यांचे प्रवासभत्ते कापले होते. धाकटाही म्हणायचा. तो जोरात म्हणायचा. आता तो त्या टॉवेलाखाली एकटाच लाजला आणि एकटाच थक्क झाला. रोज आपल्या शेजारून ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसात एवढं धैर्य असू शकतं, आणि ते आपल्याला इतक्या लांबून, घरच्या जेवणाच्या टेबलावर कळावं!

"उजवा पाय," धाकटी म्हणाली.

"नाचतोय?"

"नाचत नाहीये. थरथरतोय."

"मग राहू दे इथेच त्याला!" दादा टेबलावर थाप मारून म्हणाला. "ठरलं!"

"ठरलं नाही," वहिनी म्हणाल्या. "एक माणूस राहिलाय. तुमच्या कारखान्याचे प्रमुख. यांच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पंप तयार होतो. माल चांगला की वाईट, ऑर्डरी येतायत की आटल्यात, हे कागदावर उतरायच्या आधी यांना कळतं. या माणसाने इतक्या वर्षांत एकही शेअर घेतलेला नाही. भाव वर असताना नाही, खाली असताना नाही. फायनान्सच्या बाई पैसा बघतात. पण पंप हे बघतात. यांचा हात मागे का? हे मला टोचतंय. कागदावरून माझं म्हणणं एवढंच, की बाई एका पारड्यात आणि हे दुसऱ्या. काटा मध्येच उभा आहे."

टॉवेलाखाली धाकट्याने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने दाबून धरलं.

कारण कारखान्याच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, तो आतून-बाहेरून ओळखत होता. मास्तरांच्या वडिलांनी शेअरबाजारात राहतं घर घालवलं होतं. त्या दिवसापासून मास्तरांनी नशिबाच्या भरवशावर काहीही लावायचं सोडलं होतं. सहलीत रस्सीखेच होती तेव्हा कोण जिंकणार यावर सगळ्यांनी बिस्किटं लावली, तर मास्तर आपला पुडा खिशात घालून झाडामागे जाऊन उभे राहिले होते. शेअरच्या नुसत्या उल्लेखाने त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. वहिनींना टोचणारा काटा एका वाक्यात निघाला असता. पण ते वाक्य छापून आलेलं नव्हतं.

तो घुसमटला. टॉवेलाखाली आधीच उकडत होतं. आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात वहिनींचीच पद्धत फिरू लागली. आकडे नाही, आधी माणसं. आतलं सगळं बघितल्यावर माणूस स्वतःचं काय आणून ठेवतो?

मास्तरांनी काय आणून ठेवलं होतं?

मास्तरांची मुलगी. इंजिनियर झालेली, काचेच्या इमारतीत चांगल्या नोकरीवर असलेली. कंपनीचा पगार रखडायला लागल्यानंतर, सगळे जेव्हा बाहेर पडायला दार शोधत होते तेव्हा, मास्तरांनी तिला तिथून सोडायला लावून इथे आणलं होतं. असेंब्लीत, सगळ्यात खालच्या जागेवर, तेलकट एप्रन घालून. सगळा कारखाना हसला होता. म्हातारा सटकला, म्हणाले. धाकट्याने तर कॅन्टीनमध्ये मास्तरांची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या.

ज्या माणसाने कधी एक बिस्कीट लावलं नाही, त्याने आपली एकुलती एक लेक लावली होती. आणि जगातल्या कुठल्याही शेअर बाजाराला ते कळवायची सक्ती नव्हती.

धाकटा टॉवेलासकट उभा राहिला. टेबल हललं. दादाने पाण्याचा जग धरला. टॉवेल बाजूला झाला तेव्हा धाकट्याचा चेहरा लालभडक, घामाने निथळणारा, आणि डोळे असे, की नुकताच एखाद्या उंच कड्यावरून खाली बघून आलाय.

वहिनींनी झटकन पाठ फिरवली आणि फ्रीजचं दार उघडून त्यात डोकं घातलं. "बोलू नका!"

"वहिनी, मला कळलं."

"तुम्हालाच कळायला हवं होतं. मी फक्त बाहेरून बघू शकते. आतलं तुमच्याकडे आहे, दोन्ही एकत्र करणारे तुम्ही एकटेच आहात," फ्रीजमधून आवाज आला. "मला काहीही सांगू नका. हे लोणी संपत आलंय."

"मला तरी सांगशील का?" दादाने भावाला विचारलं.

"तू वहिनींना सांगशील."

"मग तिला तरी सांग," धाकटीकडे बोट दाखवून दादा म्हणाला. "तिला तर हक्क आहे. तिचंही रुग्णालय पणाला लागलंय."

धाकटी नवऱ्याजवळ गेली. टॉवेलाने त्याचा चेहरा, मान, टक्कल पुसलं, घामेजलेल्या रुग्णाचं पुसावं तसं. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "मला सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "तुझ्या चेहऱ्यावर सूचना लागलीये. आपण राहतोय." मग टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून: "चुकलास तर वर्षभर भांडी तुझी."

सोमवारी सकाळी धाकट्याने फोन लावला. पलीकडचे गृहस्थ आधी नवलात पडले, मग थोडे दुखावले. "पगार वाढवून हवा आहे का? स्पष्ट सांगा."

"नाही, नाही. इथे आमच्याकडे कुणीतरी फार मोठी गुंतवणूक केलीय."

"हो का? आमच्या वाचनात नाही आलं. किती टक्के?"

"सगळीच्या सगळी," धाकटा म्हणाला, आणि फोन ठेवून असा वाकडातिकडा जमिनीवर बसला, की धाकटीला तिथल्या तिथे व्यावसायिक सल्ला द्यावा लागला. कंपनी तरेल, असं कुणीही त्याला लिहून दिलेलं नव्हतं. वहिनींच्या तराजूचा काटा मध्येच उभा होता आणि त्याने आपल्या हाताने एका पारड्यात बोट ठेवलं होतं.

तो कारखान्यात पोचला तेव्हा टेस्ट बेडवर नवा पंप चढलेला होता. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे होते. समोर त्यांची मुलगी गुडघाभर बूट घालून पाण्यात, एप्रनवर ग्रीसचे फराटे. तिने व्हॉल्व्ह उघडला, दाब चढला, आणि जोडातून पाण्याची चिळकांडी उडून थेट तिच्या तोंडावर आली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. एवढंच. बाप म्हणून आवाजात ना एक कण लाड, ना एक कण राग.

तिने तोंड पुसलं, बोल्ट ढिले केले, जोडातली गॅस्केटची चकती काढून उजेडात धरली, पुन्हा बसवली. धाकटा दारातच थांबला. याच माणसाची नक्कल करून आपण टाळ्या घेतल्या, या विचाराने त्याची मान खाली गेली, पण नजर हटेना. एखादी प्रचंड इमारत बघताना माणूस नकळत टोपी काढतो, तसं त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. नियमाच्या विरुद्ध होतं ते.

"डोक्यावर घाला ते," मास्तर मागे न वळता म्हणाले. "आणि ऐकलं, तुम्ही चाललात म्हणे समुद्राकडे."

"नाही, सर. मी इथेच आहे."

मास्तर वळले. त्यांनी धाकट्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्यांनी खिशातून पाना काढून त्याच्या हातात दिला.

"मग उभे काय? पलीकडची बाजू धरा. एकटी पोर किती भिजणार?"

धाकटा कपड्यांसकट पाण्यात उतरला.